जोडीनं दिलेली तपासणी

पेणला माझा दवाखाना पोह्यांच्या गिरणीच्या माळ्यावर होता, हे कुणाला सांगितलं की तो आधी हसायचा आणि मग विचारायचा, खरं की काय? अगदी खरं. वर कानांची तपासणी करणारी बाई आणि तिच्या पायाखाली दिवसभर धडधडणारी गिरणी. जागा बाजाराजवळ होती, मालक ओळखीचा होता, आणि जागा बघायला मी नेमकी गिरणी बंद असताना गेले होते. पहिल्याच सोमवारी सकाळी टेबलावरचा चहा कपात थरथरायला लागला, तेव्हा आपण काय करून बसलो ते मला कळलं.

मग मी माझ्या परीनं उपाय केले. आतल्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकून घेतल्या, दाराला आतून दोन गोधड्या लावल्या. तरी फरशी थरथरायचीच. म्हणून खरी तपासणी मी दुपारी एक ते दोनमध्ये करायचे, गडी जेवायला बसले आणि खालचा पट्टा थांबला की. त्या एका तासासाठी मी बाकीचे सगळे तास भांडायचे. जिन्यात कुणी चपला आपटल्या तरी माझा पारा चढायचा. गिरणीचा मालक गड्यांना सांगायचा, "हळू चढा रे, वरच्या मॅडमना मुंगीची पावलं मोजायचीत." मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. शांततेशिवाय कान तपासता येत नाही, यावर माझी तेव्हा पक्की श्रद्धा होती.

त्या श्रद्धेपायी आणि एका दुपारच्या घाईपायी वरसे गावातल्या एका मुलीची शाळा सुटायची वेळ आली. चूक माझी होती. इतक्या वर्षांनी ती लिहून काढताना मला बरं वाटतं आहे असं मुळीच नाही, पण लिहिली पाहिजे असं वाटतं.

दोन हजार सालाच्या आगेमागे मी महिन्यातून दोन-तीनदा रोह्याच्या बाजूला शाळेतल्या मुलांचे कान तपासायला जात असे. ऑडिओमीटर, म्हणजे कान तपासायचं यंत्र, रेक्झिनच्या पेटीत, पेटी मांडीवर, आणि मी एस.टी.च्या खिडकीशी. नागोठण्याला गाडी थांबली की माणसं पेटीकडे बघून विचारायची, हार्मोनियम आहे का? सुरुवातीला मी समजावून सांगायचे. नंतर नुसतं हो म्हणायला लागले.

त्याच सुमारास मुंबईला एका प्रशिक्षणात मी एक नवी गोष्ट शिकून आले होते. काही मुलांचे कान उत्तम असतात, टाचणी पडली तरी त्यांना कळते. पण चार आवाज एकत्र आले की त्यातलं शिक्षकांचं बोलणं कुठलं आणि बाकांची करकर कुठली, हे त्यांना वेगळं करता येत नाही. कान आपलं काम चोख करतो, पुढे मेंदूत जी निवडानिवड व्हायला हवी ती होत नाही. सुपात तांदूळ आणि खडे दोन्ही येऊन पडतात आणि निवडणारं कुणी नसतं, तसं. अशी मुलं वर्गात मागे पडतात, आणि ऐकू येत असल्यामुळे ती आळशी ठरतात, हट्टी ठरतात. नेहमीच्या यंत्रात ती सापडत नाहीत. हे सगळं मला इतकं पटलं होतं की परत आल्यावर मी स्वतःच एक कॅसेट तयार केली. माझ्या आवाजात तीन-तीन आकडे, आणि त्यामागे एका शाळेच्या मधल्या सुट्टीचा गोंगाट. मुलानं गोंगाट बाजूला सारून आकडे तेवढे परत म्हणायचे. कॅसेटचा मला फार अभिमान होता. गोंगाट मीच भरून आणला होता, शांततेचा हट्ट धरणाऱ्या बाईनं, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

वरशाच्या शाळेत त्या दिवशी पाचवीचा वर्ग होता. धाटावच्या कंपन्यांमध्ये कामाला असलेल्यांची मुलं, आसपासच्या शेतकऱ्यांची मुलं, बाकावर तीन-तीन. रस्त्यावरून शिफ्टच्या बस जायच्या तेव्हा वर्गातलं बोलणं आपोआप थांबायचं आणि बस गेली की पुढे सुरू व्हायचं. मला तिथे तपासणी शक्यच नव्हती. वर्गशिक्षक तरुण होते, समजूतदार होते, त्यांनी मैदानापलीकडची प्रयोगशाळेची खोली उघडून दिली. शाळेचा एक नियम मात्र त्यांनी आधीच सांगितला. मैदानापलीकडे मुलींना एकटीनं पाठवत नाहीत, जोडीनंच पाठवतात.

यंत्रावरची तपासणी मी एकेकीची केली. बारीक शिटी ऐकू आली की हात वर करायचा. मग कॅसेटची वेळ आली, आणि घड्याळात बघितलं तर पेणची एस.टी. चुकायची लक्षणं दिसायला लागली. जोडी आलीच आहे तर दोघींची एकदमच घेऊ, असं मी ठरवलं. टेपरेकॉर्डरला दोन हेडफोन जोडता येत होते. मुलींना मी सांगितलं, ऐका आणि म्हणा. पाढे म्हणायची सवय असलेल्या मुली त्या, त्यांनी एका सुरात आकडे म्हणायला सुरुवात केली. सात, दोन, नऊ. चार, एक, आठ. मला ते गोडच वाटलं. पटापट जोड्या संपत गेल्या.

त्यातल्याच एका जोडीत ती होती. काटकुळी, तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, आणि बोलणाऱ्याच्या तोंडाकडे एकटक बघायची सवय. तिच्यासोबतची मुलगी तिच्याच बाकावरची, गोल चेहऱ्याची, धीट. शिटीच्या तपासणीत पहिलीनं इतका बारीक आवाज टिपला की मी यंत्र बिघडलं की काय म्हणून परत बघितलं. मग कॅसेट लावली. दोघींनी आकडे म्हटले, सगळे बरोबर. फक्त तिचा आवाज मैत्रिणीच्या आवाजाच्या किंचित मागून येत होता, आणि तिची नजर मैत्रिणीच्या ओठांवर होती. तो मागून येणारा आवाज मला तेव्हा ऐकू आला होता. आजही येतो. कान तपासणारी बाई मी, मला तो ऐकू आला आणि मी तो सोडून दिला.

निघताना वर्गशिक्षक माझ्याबरोबर फाटकापर्यंत आले.

"मॅडम, त्या मुलीचं काही निघालं का? मला वाटतं तिला काहीतरी त्रास आहे. मधेच एकदम हात वर करते. मी उभं करून उत्तर विचारतो, तर नुसती बघत राहते. मग सगळा वर्ग हसतो."

"सर, तिचे कान तुमच्या-माझ्यापेक्षा चांगले आहेत," मी म्हटलं. "दोन्ही तपासण्यांत पास. कानाचं काही नाही, लक्षाचं बघा."

आणि तिच्या आरोग्य कार्डावर मी माझा जांभळा शिक्का उठवला. श्रवण योग्य. खाली तारीख आणि सही. एस.टी. मिळाली.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. सकाळी साडेअकराला दवाखान्याचा जिना चढून एक बाई वर आली, मागे ती मुलगी. आता सहावीत होती. मुलीला मी ओळखलं नाही, वेण्या ओळखल्या. आईनं पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं कार्ड काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं.

"बाय, ह्यो शिक्का तुमचाच ना?"

"माझाच."

"मंग मला जरा समजावून सांगा. हिला ऐकू जातं, ते मला पन ठावं हाय. पन पोचत नाय."

त्या बाईचं माहेर पेणच्या खाडीकाठचं, मिठागरावर काम करणारं. सासर वरशाला. तिनं सगळं सरळ सांगितलं. बाकावरच्या मैत्रिणीच्या वडिलांना बाहेरगावच्या कारखान्यात नोकरी लागली आणि जूनमध्ये ते बिऱ्हाड निघून गेलं. तेव्हापासून मुलगी घसरली. फळ्यावरचं सगळं उतरवून घ्यायची, पण तोंडी सांगितलेलं वहीत येतच नव्हतं. सहामाहीत नापास झाली. सहावीलाही वर्गशिक्षक तेच होते, त्यांनी वहीवर लाल शाईनं लिहून पाठवलं, मुद्दाम लक्ष देत नाही. बापानं कार्ड बघितलं, लाल शाई बघितली, आणि हिशेब जुळवला. ऐकू येतंय आणि तरी करत नाही, म्हणजे हिला शिकायचं नाही. खांब गावात, हायवेवर, त्याच्या बहिणीची खानावळ होती, तिला हाताखाली माणूस हवंच होतं. मे महिन्यात सहावी संपली की मुलीनं तिकडं जायचं आणि राहायचं, असं ठरलं होतं.

"ते वाईट नायत हिचे बाबा," आई म्हणाली. "पन कार्डावर तुमचा शिक्का हाय, त्याच्या म्होरं माजं काय चालनार?"

मला राग आला. आता कबूल करायला हरकत नाही, त्या बाईचाच आला. माझं यंत्र, माझी कॅसेट, माझा शिक्का, आणि ही म्हणते पोचत नाही. मी तुटकपणे म्हटलं, "यंत्र खोटं बोलत नाही. एक वाजेपर्यंत बसा. गिरणी थांबली की पुन्हा बघते." आणि कपाटातल्या फायली आवरायला लागले.

खाली गिरणी भरात होती. फायली लावता लावता, मागे न वळताच, मी मुलीला विचारलं, काय गं, शाळा आवडते का? उत्तर नाही. जरा मोठ्यानं विचारलं, आज शाळा बुडवलीस ना? उत्तर नाही. वळून बघितलं तर ती माझ्याकडे बघून छान हसली. मला वाटलं, घुमी आहे.

थोड्या वेळानं आई बाकावरून उठली. मुलीच्या अगदी शेजारी बसली होती, तिथून बोलली असती तरी चाललं असतं. पण ती उठली, मुलीच्या समोर जाऊन उभी राहिली आणि उजवा हात सरळ डोक्यावर उंच केला. काही बोलली नाही. मुलीनं मान वर केली, तिची नजर आईच्या तोंडावर आली, तेव्हा आई म्हणाली, "पानी पिनार?" मुलीनं स्वतःचा हात तसाच उंच केला, मग खाली घेतला आणि बाटली घेतली. पाऊण तासात हे तीनदा झालं. हात वर, थांबणं, एकच वाक्य, मग समोरून हात वर.

न राहवून मी विचारलं, "हे हात वर करणं काय आहे?"

ती ओशाळली. "सवय हाय बाय. माज्या माहेरची."

मग तिनं सांगितलं. मिठागरावर खाडीचा वारा सतत असतो. दोन माणसं दोन बांधांवर, मधे पाण्यानं भरलेले वाफे. पाठमोऱ्या माणसाला हाक मारली तर वारा ती दुसरीकडेच नेतो, ओरडून घसा फाटतो आणि काम होत नाही. म्हणून तिच्या घरच्यांची रीत अशी, की ज्याला बोलायचंय त्यानं हात उंच करून उभं राहायचं. दुसऱ्यानं बघितलं की एकच गोष्ट सांगायची. ती समजली की दुसऱ्यानं हात वर करायचा. हात वर आला म्हणजे पोचलं. नाही आला तर परत सांगायचं. लहानपणीच कधीतरी तिच्या लक्षात आलं की या मुलीशी असं बोललं की सगळं सुरळीत होतं. म्हणून घरी ती तसंच बोलायची. ती वरशाच्या घरात बसून मुलीशी मिठागरावरच्यासारखं बोलत होती, आणि तिला कुणी प्रशिक्षण दिलं नव्हतं.

"मग ही शाळेतही असाच हात वर करते?" मी विचारलं.

"करनारच ना. पोचलं तर करनारच."

माझ्या हातातली फाईल तशीच राहिली. फाटकाशी उभे असलेले ते तरुण शिक्षक मला आठवले. मधेच एकदम हात वर करते. उभं करून उत्तर विचारतो. सगळा वर्ग हसतो.

एकला गिरणी थांबली. गाद्यांच्या खोलीत मी तिचे कान पुन्हा तपासले. उत्तम होते, शिक्का त्याबाबतीत खरा होता. मग मी जे कधी केलं नव्हतं ते केलं. दोन वाजेपर्यंत थांबले. खाली पट्टा सुरू झाला, फरशी थरथरायला लागली, तेव्हा गोधड्या बाजूला करून दार सताड उघडलं, तिच्या मागे उभी राहिले आणि नेहमीच्या आवाजात आकडे म्हटले. सहा, तीन, पाच. ती म्हणाली, दोन, तीन. मी म्हटलं, नऊ, एक, चार. ती थोडी थांबली आणि म्हणाली, सात. दहा वेळा केलं. ती एकदाही कंटाळली नाही, एकदाही म्हणाली नाही की मला येत नाही. जीव ओतून चुकीचे आकडे सांगत होती.

मी तिच्या समोर गेले. हात वर केला. मला जरा वेडगळासारखं वाटलं. तिनं बघितल्यावर विचारलं, "मागच्या वर्षी तू सगळे बरोबर कसे म्हटलेस?"

"ती आदी म्हनायची, मंग मी," ती म्हणाली. "तिच्या तोंडाकडं बघून. आमी सगळं तसंच म्हनायचो. कवितापन."

तिच्या आवाजात चोरी पकडल्याची लाज अजिबात नव्हती. चोरी नव्हतीच ती. दोघींना एकदम बसवलं मी, एका सुरात म्हणू दिलं मी, मागून आलेला आवाज कानाआड केला मी. मैत्रीण गेली आणि माझा शिक्का मात्र मागे राहिला, तिच्याविरुद्ध साक्ष द्यायला. मला तिच्या आईच्या तोंडाकडे बघवेना.

"माझं चुकलं," मी म्हटलं. "तुमचं बरोबर आहे. हिच्यापर्यंत पोचत नाही."

मला वाटलं होतं ती चिडेल. ती कार्ड माझ्याकडे सरकवत म्हणाली, "मंग शिक्का पुसा आता."

इतकं सोपं होतं ते, आणि तरी मी चार दिवस घालवले. दवाखान्यात पुसून चालणार नव्हतं, शाळेत जाऊन सांगायला हवं होतं, बापाला पटवायला हवं होतं. मला भीती वाटत होती. एक कार्ड चुकलं म्हटल्यावर बाकीच्या कार्डांवर कोण विश्वास ठेवणार? पुढच्या वर्षी शाळेनं फाटक उघडलंच नाही तर? या सगळ्या मोठ्या काळज्यांच्या आड एक लहान काळजी लपलेली होती, ती म्हणजे माझं नाक. पाचव्या दिवशी पेटी मांडीवर घेऊन मी एस.टी.त बसले. नागोठण्याला कुणीतरी विचारलं, हार्मोनियम आहे का? मी म्हटलं, नाही हो, चूक आहे. तो माणूस उठून पुढच्या बाकावर जाऊन बसला.

सरांना मी शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात गाठलं आणि सगळं सांगितलं. जोडीची तपासणी, मैत्रिणीचे ओठ, गिरणी, मिठागर, हात. ते ऐकत होते. हाताशी डस्टर होतं, ते उचलून कोरा फळा पुसायला लागले.

"म्हणजे," पाठमोरेच म्हणाले, "दिवसभरात ज्या एक-दोन वेळा माझं बोलणं तिच्यापर्यंत पोचायचं, तेव्हा ती मला सांगायची, की सर, पोचलं."

"हो."

"आणि नेमकं तेव्हाच मी तिला उभं करायचो."

त्यांनी मागच्या वर्षी फाटकाशी अचूक प्रश्न विचारला होता, मीच त्यांना गप्प केलं होतं. लाल शाई त्यांची असली तरी तिच्यामागे माझा शिक्का होता. तेही मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तिनं हल्ली हात वर करणं सोडलंय मॅडम." आणि डस्टर खाली ठेवलं.

आईला मी निरोप धाडला होताच; साडेपाचच्या सुमारास वडील आले. कंपनीचा गणवेश, हातात हेल्मेट, चेहऱ्यावर शिफ्टचा शीण. मागे आई आणि मुलगी. त्यांनी मला नमस्कार केला, पण बसले नाहीत.

"मॅडम, आदी तुमीच लिवलं ऐकू येतं. आता तुमीच खोडताय. मी कुठल्या मॅडमचं खरं धरू?"

"दुसरीचं," मी म्हटलं. "पहिलीला एस.टी. गाठायची होती."

ते हसले नाहीत. त्यांनी हसावं असं म्हणायला मला तोंडही नव्हतं. आम्ही मैदान ओलांडून प्रयोगशाळेत गेलो. मी तोच टेपरेकॉर्डर काढला, तीच कॅसेट, तेच दोन हेडफोन. एक मुलीला लावला आणि दुसरा वडिलांना दिला. तिला जे ऐकू येतंय तेच तुम्हालाही येईल, तुम्ही फक्त ऐका, म्हटलं.

गोंगाट सुरू झाला, त्यातून माझा आवाज आला. पाच, आठ, दोन. वडिलांना तो सहज कळला, त्यांच्या चेहऱ्यावरच दिसलं. मुलगी म्हणाली, आठ, नऊ. पुढचे तीन आकडे आले. मुलगी थांबली. वडिलांनी तिच्याकडे बघितलं आणि त्यांचे ओठ हलले, आवाज न करता. तीन, सहा, एक. मुलगी लगेच म्हणाली, तीन, सहा, एक.

पुढच्या वेळीही त्यांनी तेच केलं. आपण काय करतोय हे त्यांना कळतही नव्हतं. जिला शिकायचंच नाही म्हणून खांबला पाठवायला निघालेला बाप, पोरगी अडली की ओठांनी तिला सांगत होता. मी टेप थांबवला.

"तुम्ही जरा तिच्याकडे पाठ करून बसा," मी म्हटलं. "ती तुमच्या तोंडाकडे बघून म्हणतेय."

ते चपापले. मग स्टूल फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले. मी टेप पुन्हा सुरू केला. त्यांच्या कानात बरोबर आकडे येत होते आणि पाठीमागून त्यांच्या मुलीचा आवाज, स्पष्ट, आज्ञाधारक, आणि जवळपास प्रत्येक वेळी चुकीचा. कॅसेटची बाजू संपेपर्यंत ते हलले नाहीत. संपल्यावर हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"ही टाळत नाय," ते म्हणाले.

"नाही."

"जीव तोडून सांगते हाय."

"हो."

त्यानंतर मी बरंच बोलले, नेहमीप्रमाणे जरुरीपेक्षा जास्त. तिला पहिल्या बाकावर, खिडकीपासून लांब बसवायचं. समोर येऊन, तिनं बघितल्यावर, एका वेळी एकच गोष्ट सांगायची. महत्त्वाचं फळ्यावर लिहायचं. कानात घालायचं कुठलंही यंत्र तिला लागणार नाही, आणि तिच्या आईला यातलं काहीच नव्यानं शिकवायला लागणार नाही. माझ्या प्रत्येक वाक्याला आई मान डोलवत होती. सर वहीत लिहून घेत होते. कार्डावरचा जांभळा शिक्का मी दोन रेघा मारून खोडला आणि बाजूला लिहिलं, ऐकू येते, पण गोंगाटात पोचत नाही. असा शेरा आरोग्य कार्डावर कुणी लिहीत नाही. मला त्याहून नेमका सुचला नाही. त्या वर्षीच्या बाकीच्या जोड्याही मी पुढच्या दोन महिन्यांत एकेकीला वेगळं बसवून तपासल्या, आणि माझ्या हातून निसटलेली आणखी एक मुलगी त्यांत सापडली.

"आणि खांबचं?" मी शेवटी विचारलं. विचारायचा मला काय अधिकार होता, पण विचारलं.

"बघू," वडील म्हणाले आणि हेल्मेट उचलून बाहेर पडले. आईचा चेहरा उतरला. बघू म्हणजे काय ते बायकांना चांगलं ठाऊक असतं.

आम्ही सगळे फाटकापर्यंत आलो. वडिलांनी गाडी सुरू केली. धाटावकडून शिफ्टची एक बस येत होती, मागे दुसरी. मुलगी चार पावलांवर दप्तर घेऊन उभी होती, रस्त्याकडे बघत. वडील पुढे बघत तिला काहीतरी म्हणाले. ती हलली नाही. पुन्हा म्हणाले, जरा चढ्या आवाजात. ती रस्त्याकडेच बघत होती. त्यांच्या कपाळावर आठी पडली, आता ओरडणार असं वाटलं, आई पुढे व्हायला निघाली.

त्यांनी किल्ली फिरवून गाडी बंद केली. स्टँडवर लावली. दोन्ही बस पुढे जाईपर्यंत तिथेच उभे राहिले. मग मुलीच्या समोर गेले आणि हात उंच केला. हेल्मेट हातातच राहिलं होतं, तेही वर गेलं. मिठागरावरची ती सवय त्यांची नव्हती, हात जरा वाकडाच वर गेला. मुलीनं आधी हेल्मेटकडे बघितलं, मग त्यांच्या तोंडाकडे.

"आत्याला सांगतो, दुसरं मानूस बघ," ते म्हणाले. "तू शाळंत जा."

मुलगी क्षणभर बघत राहिली. मग तिनं तिचा हात सरळ वर केला, कोपर न वाकवता, अगदी उंच. सर माझ्या शेजारीच उभे होते. या वेळी तिला कुणी उत्तर विचारलं नाही.